नेहमीप्रमाणे, खालून

लाइटमामांच्या घरी पाहुण्याने हवं तिथं बसायची सोय नव्हती. पाहुणा दारातून आत आला की मामा डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "अंहं, त्या खुर्चीत नको, इकडे या. तिथं तुमच्या नाकाची सावली ओठावर पडते." हे त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हणीला सांगितलं होतं, वर "मिशी असल्यासारखी वाटते" हेही सांगितलं होतं, आणि ती बाई पुढे दोन वर्षं त्यांच्या घराची पायरी चढली नाही. मामांना त्याचं काही नाही. उभी हयात सिनेमाच्या सेटवर दिवे लावण्यात गेलेली. कुठला दिवा कुठं ठेवला की माणूस देखणा दिसतो आणि कुठं ठेवला की खुनी दिसतो, हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं त्यांचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चुकीचंही नव्हतं.

बैठकीच्या खोलीत चार दिवे, चार वेगवेगळ्या उंचीवर. कोपऱ्यातल्या दिव्याला बटर पेपर लावलेला, का तर उजेड मऊ पडावा. स्वयंपाकघरात मात्र एक साधी ट्यूब. मामी नेहमी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बोलायच्या, म्हणजे उजेड पाठीमागे आणि चेहरा काळोखात. इतक्या वर्षांत हे मामांच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मामी कोण, हे नाव सांगून कुणाला कळलं नसतं. पण एक काळ असा होता की त्या समोरून आल्या तर पोरं रस्ता बदलायची. बारा सिनेमे केले त्यांनी, आणि बाराही सिनेमांत लोक त्यांना बघून टरकले. चेटकीण, भूत, वेडी, तळघरातली बाई. सेटवरचे लोक त्यांना प्रेमाने चेटकीणबाई म्हणायचे, आणि ही चेटकीणबाई जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची तुटलेली बटणं लावून द्यायची.

सुरुवात झाली ती एका साध्यासुध्या नर्सपासून. बत्तीस वर्षांपूर्वीचा सिनेमा. एका लहानशा गावात शेवटच्या बसने नवीन नर्स येते आणि पहिल्या घराचं दार वाजवते. दार उघडतं. ती उंबऱ्यात उभी, हातात बॅग, आणि म्हणते, "मी नवीन नर्स. आत येऊ का?" बस, एवढंच. त्या वाक्याला थिएटरात किंकाळ्या उठायच्या. लोक ओरडायचे, "नको! दार लाव! अरे दार लाव!" पुढे गावात खून होतात, गाव नर्सवर संशय घेतं, आणि शेवटी कळतं की ती बिचारी निर्दोष, खुनी गावातलाच होता. पण त्या शेवटावर कुणाचाच विश्वास बसला नाही. बाहेर पडताना लोक एकमेकांना सांगायचे, "ते काही नाही, तीच होती."

तो दारातला शॉट मामांचा. आयुष्यात पहिल्यांदा दिव्यांचा चीफ म्हणून काम केलं होतं. त्यानंतर त्यांना कामाची कधी ददात पडली नाही. वर्षभरात त्यांनी त्या नर्सशी लग्नही केलं. "सगळं थिएटर हिला बघून किंचाळलं, मी एकटा किंचाळलो नाही, म्हणून हिने मला पसंत केलं," हा विनोद मामा तेव्हापासून करत होते आणि मामी तेव्हापासून हसत होत्या.

तर एका रविवारी सकाळी भाची तोंड पाडून बसली होती. ही मामांच्या बहिणीची मुलगी. पंचविशी उलटली तरी घरात तिला सगळे बारकीच म्हणायचे. सिनेमाच्या कॉलेजात शिकायला आली आणि मामांकडेच राहिली. शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहायचा होता, विषय असा, की सिनेमा परक्या माणसाला, राक्षसाला आणि बाईला कसा दाखवतो. म्हणजे गोष्टीत काय घडतं ते नव्हे, तर दिवा कुठून येतो, कॅमेरा कुठं बसतो, सावली कुणावर पडते. तिच्या मॅडमना सगळं कॉलेज कात्रीबाई म्हणायचं. त्यांनी तो प्रबंध दोनदा परत पाठवला होता. आता तिसरी आणि शेवटची खेप शुक्रवारी, सगळ्या वर्गासमोर. पास झाली तर त्याच कॉलेजात शिकवायची नोकरी, नाही झाली तर गाशा गुंडाळून घरी.

"एवढं म्हणते तरी काय ती तुझी कात्री?" मामांनी विचारलं.

"म्हणतात, पुस्तकातलं पुरे. तो शॉट प्रत्यक्षात कसा झाला ते शोधून आण."

"कुठला शॉट?"

बारकीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग मामांकडे, मग फरशीकडे. "तुझाच, मामा. नर्सचा."

मामांची छाती चार बोटं फुगली. आपल्या शॉटवर कॉलेजात अभ्यास! त्यांनी कोपऱ्यातला दिवा तिच्या कागदांवर वळवला आणि आरामखुर्चीत मागे टेकून म्हणाले, "वाच."

बारकी वाचू लागली. "'माणसाच्या चेहऱ्यावर उजेड वरून पडतो, मग तो सूर्याचा असो की छताच्या दिव्याचा. तो खालून आला की ओळखीचा चेहरा अनोळखी होतो. भुवयांच्या सावल्या कपाळावर चढतात, डोळे खोल जातात. या नर्सने अजून काहीच केलेलं नाही. पण ती बाहेरून आली आहे, एकटी आहे आणि बाई आहे. प्रेक्षकाला या तिन्हींची भीती वाटावी म्हणून दिव्याची दिशा अत्यंत विचारपूर्वक उलटी केली आहे...'"

"विचारपूर्वक!" मामा एवढ्याने हसले की खुर्ची करकरली. "अगं बारके, स्टँडचा पाय मोडला होता!"

"काय?"

"पाय मोडला होता स्टँडचा! अरुंद बोळ, दुसरा स्टँड मावेना, डायरेक्टर डोक्यावर बसलेला. मी आपली एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर दिवा ठेवला. डायरेक्टरने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, वा! झालं. आणि तू किती पानं लिहिलीस त्यावर?"

"चौदा," बारकी पुटपुटली.

"एका बादलीवर चौदा पानं! उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही शिकलेली माणसं." मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बारकीने फाइल मिटली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसून आलेलं नव्हतं. "म्हणजे कुणी काही ठरवलंच नव्हतं. माझा मुद्दाच गेला की रे. शुक्रवारी वर्गासमोर काय सांगू? बादली?"

"सांग की! दणकून सांग!"

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या. हातात पुसायचं फडकं होतं. "पहिल्या सिनेमात स्टँडचा पाय मोडला होता, कबूल. पुढच्या अकरा सिनेमांत काय मोडलं होतं?"

मामा खुर्चीत ताठ बसले.

"म्हणजे? भुतं होती ती! भुताला काय वरून दिवा लावू, देखणं दिसायला?"

"सगळी कुठं भुतं होती? एकात मी घरमालकीण होते. एकात तर नुसती शिवणवाली होते, नवऱ्याने टाकलेली. दोनच सीन. एका सीनमध्ये मशीन चालवते, दुसऱ्यात खिडकी लावते. कुणाच्या केसालाही धक्का लावत नाही. तरी दिवा खालूनच."

"डायरेक्टर सांगायचे तसं करायचो मी."

"सगळे डायरेक्टर?" मामींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच मामांना झोंबलं.

"वा वा! घरातच कोर्ट भरवा आता!" मामा उठून उभे राहिले. "बत्तीस वर्षं घाम गाळला त्याचं हे फळ! मी शुक्रवारी येणार नाही, कुणाला काही सांगणार नाही, आणि माझी बादलीसुद्धा देणार नाही!" जशी काही जगात दुसरी बादलीच नव्हती. पण रागावलेल्या माणसाला हिशेब कोण विचारणार.

पुढचे दोन दिवस लाइटमामांनी बैठकीतले चारही दिवे बंद ठेवले आणि खिडकीशी पेपर धरून बसले. मामी येता-जाता विचारायच्या, "काय हो, लाइट गेलेत का?" मामा हूं की चूं करायचे नाहीत. बारकी रात्रंदिवस कागद फाडत होती. तिची उतरलेली मान बघून मामांना आत कुठंतरी टोचायचं, पण माघार घेतील तर ते मामा कसले.

बुधवारी मामी बाजारात गेल्या तशी मामांनी शिडी लावली आणि माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत त्यांच्या वह्या होत्या, दर सिनेमाची एक. प्रत्येक शॉटचं चित्र: गोल म्हणजे माणूस, बाण म्हणजे दिवा. आणि बाणाशेजारी एकच शब्द. डायरेक्टरने सांगून लावलेला दिवा असेल तर 'सांगितल्याप्रमाणे'. आपल्या मनाने लावलेला असेल तर 'नेहमीप्रमाणे'. ही मामांची जुनी हुशारी. उद्या पडद्यावर काही बिघडलं आणि बोंब झाली, तर कुणाच्या नावाने करायची ते वहीत लिहिलेलं असावं. आता या वह्या बायकोच्या पुढ्यात टाकायच्या आणि म्हणायचं, बघ, सांगितल्याप्रमाणे! अकरा वेळा सांगितल्याप्रमाणे!

त्यांनी दुसऱ्या सिनेमाची वही उघडली. नायिका: वरून, मऊ, कापड लावून. नायिका दवाखान्यात शेवटचे श्वास मोजतेय: वरून, मऊ, कापड लावून. परगावचा ड्रायव्हर: पाठून, तोंड काळं. हा ड्रायव्हर पुढे नायिकेचा जीव वाचवतो, मामांना आठवलं. पण पहिल्या अर्ध्या सिनेमात त्याचं तोंड कुणाला दिसलंच नव्हतं. मग चेटकीणबाई: खालून. नेहमीप्रमाणे.

तिसरी वही. खालून, नेहमीप्रमाणे. घरमालकीण, नेहमीप्रमाणे. मामा भराभर पानं उलटायला लागले. 'सांगितल्याप्रमाणे' होतं, नाही असं नाही, पण ते पावसाच्या सीनला, गाडीच्या सीनला. बायकोच्या चित्राशेजारी ते कुठंच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. चोराने स्वतःच्या हाताने पावती लिहून ठेवावी तसं झालं.

शिवणवालीच्या वहीत समासात पेन्सिलने एक ओळ होती, त्यांच्याच अक्षरात. 'हिचं म्हणणं, या वेळी समोरून. बघू.'

मामा शिडीच्या पायरीवर बसले. सगळं आठवलं त्यांना. मामी मशीनवर बसल्या होत्या, मेकअप नव्हता, केस साधे बांधलेले, आणि म्हणाल्या होत्या, "या वेळी जरा समोरून टाकाल का? आईला दाखवायचाय हा सिनेमा. तिने माझा एकही बघितला नाही, तिला भीती वाटते." आणि आपण म्हणालो होतो, बघू. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, घाई होती, हात सवयीने खाली गेला. सासूबाई पुढे चार वर्षं होत्या. मुलीचा एकही सिनेमा न बघता गेल्या. आणि मी वर्षानुवर्षं तोच विनोद करतोय, मी एकटा किंचाळलो नाही म्हणून. मामांना स्वतःची एवढी लाज वाटली की रिकाम्या घरातही त्यांनी तोंडावर वही धरली.

शुक्रवारी दुपारी बारकी निघाली तेव्हा मामा दारात तयार उभे होते. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात बादली, बादलीत वह्या.

"तू येणार नव्हतास ना?" बारकी म्हणाली.

"बादली एकटी कशी जाईल?" मामा म्हणाले. मग मामींकडे न बघता म्हणाले, "तूही चल. चांगला चष्मा लाव."

वर्गात पडदे ओढलेले होते. कात्रीबाई म्हणजे काडीसारखी बाई, चष्मा साखळीला लटकवलेला, हातात लाल पेन. "हं, करा सुरू," त्या म्हणाल्या. बारकीचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापत होता. मामांना ते बघवेना. ते सरळ पुढे गेले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बसता का खुर्चीत? सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं."

कात्रीबाई बसल्या. मामांनी वह्या काढून बादली पालथी घातली, वर दिवा ठेवला आणि बटण दाबलं. छतावर कात्रीबाईंची ही एवढी सावली चढली, गालफडं आत गेली, डोळ्यांच्या खोबणी झाल्या. कुणीतरी आरसा पुढे धरला. "यात नवीन काय?" कात्रीबाई म्हणाल्या, "अशी मी रोज सकाळी दिसते." वर्गात खसखस पिकली. बारकीलाही हसू आलं आणि तिची गाडी रुळावर आली. मॅडम त्याच, खुर्ची तीच, असं ती सांगू लागली, मग राक्षस आला कुठून? मामांनी दिवा पाठीमागे नेला. चेहरा गडप, नुसती काळी कड उरली. हा परका माणूस, बारकी म्हणाली. याचं तोंड आपल्याला दाखवतच नाहीत, आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार असं आपणच धरून चालतो. मग मामांनी बटर पेपर लावून दिवा वर धरला. दहा वर्षं पुसली गेली मॅडमची. आणि ही नायिका, बारकी म्हणाली, हिला सुरकुती पडायचीसुद्धा परवानगी नाही. माणूस म्हणून तिचंही तोंड दिसत नाहीच.

"ते सगळं खरं," कात्रीबाई आरशातून नजर न काढता म्हणाल्या, "पण आधी याचा एक फोटो काढा कुणीतरी." मग त्या एकदम सरळ बसल्या. "आता माझा जुना प्रश्न. नर्सच्या शॉटमध्ये दिवा खाली ठेवायचं कुणी ठरवलं?"

बारकीने बादलीकडे बघितलं. ती "बादली" म्हणणार, आणि सगळं संपणार. मामांनी घसा साफ केला.

"पहिल्यांदा कुणीच नाही, मॅडम. स्टँडचा पाय मोडला होता, म्हणून ही बादली. पण पुढच्या अकरा सिनेमांत स्टँड चांगले होते. मी ते खाली करत होतो." त्यांनी वह्या बारकीच्या हातात दिल्या. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी सांगत होतो की सांगितलं, पण तसं नव्हतं. यात लिहिलंय सगळं."

बारकीने पहिली वही उघडली, मग दुसरी. शिवणवालीच्या पानावर ती जरा जास्त थांबली. तिने मान वर केली तेव्हा तिचा आवाज बिलकुल कापत नव्हता.

"मॅडम, माझं चुकलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं कुणीतरी विचार करून हे केलं. विचार केलाच नाही कुणी. एकदा लोक घाबरले, मग तीच बाई आली की तोच दिवा, तोच हात. ही बघा, प्रत्येक पानावर आहे. नेहमीप्रमाणे. कुणी ठरवलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून कुणी थांबवलंही नाही."

कात्रीबाईंनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. मग लाल पेनाला टोपण घातलं. "हे आता कापायला नको," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारपासून वेळेवर यायचं. शिकवायला." वर्गाने बाकं बडवली. बारकी मामांच्या गळ्यात पडली आणि दिवा पडता पडता वाचला.

"आणि त्या नर्सबाई कुठं आहेत?" कात्रीबाईंनी विचारलं.

शेवटच्या बाकावरून मामी उठल्या. सगळा वर्ग मागे वळला. मामा दिवा हातात घेऊन उभे होते, आणि त्यांचा हात अधांतरी राहिला. ज्या हाताला कधी विचारावं लागलं नव्हतं, तो आज खाली जाईना, वर जाईना.

"कुठून टाकू?" त्यांनी बायकोला विचारलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"कुठूनच नको," मामी म्हणाल्या. "पडदे उघडा."

पोरांनी पडदे ओढले. दुपारचं ऊन आत आलं, फळ्यावर, बाकांवर, समोरच्या दारावर. मामी पर्स घेऊन बाहेर गेल्या आणि दार लोटून घेतलं. वर्गाला कळेना हे काय. मग टकटक झाली, तसे मामा दिव्यासकटच दाराशी गेले. दार उघडलं. उंबऱ्यात एक पंचावन्न वर्षांची बाई उभी होती. चष्मा, कानामागे सारलेले पिकले केस, लाजेने जरा लाल झालेला चेहरा, आणि ऊन थेट तोंडावर.

"मी नवीन नर्स," ती म्हणाली. "आत येऊ का?"

"या! या ना!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, आणि सगळ्यांत मोठा आवाज कात्रीबाईंचा होता.

मामींचा चेहरा असा फुलला की मामांना वाटलं, हा चेहरा आपण कधी बघितलाच नव्हता, आणि त्यांना रडूच कोसळलं. चांगलं हमसून रडले ते, पोरांसमोर. "ये," ते म्हणाले, "ये गं, ये."

"अहो, ये काय म्हणताय," मामी हसत म्हणाल्या, "तुम्हीच दिवा घेऊन दारात उभे आहात. बाजूला व्हा आधी."

मामांनी डोळे पुसले, दिवा सावरला आणि बाजूला झाले.